स्वयंपाकघराचा ओटा : दगडाची निवड, मापे आणि बसवणी

स्वयंपाकघरात भिंतीलगत कमरेच्या उंचीवर जो सपाट कट्टा असतो, ज्यावर शेगडी ठेवतात, भाजी चिरतात आणि ज्याच्या एका टोकाला सिंक असते, त्याला ओटा म्हणतात. घराचा रंग काही वर्षांनी बदलता येतो. ओटा मात्र एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षे तसाच राहतो. तो बदलायचा तर भिंतीच्या टाइल्स, सिंक, नळ आणि गॅसची नळी असे सगळेच उचकटावे लागते.

दुकानात गेल्यावर आपले लक्ष दगडाच्या रंगाकडे आणि चौरस फुटाच्या दराकडे जाते. ओट्याची दुखणी मात्र अनेकदा दुसरीकडून सुरू होतात: उंची चुकलेली असते, सिंकच्या कोपऱ्यातून चीर गेलेली असते, भिंतीच्या सांध्यातून पाणी मुरत असते किंवा दगडाचा एखादा भाग आधाराशिवाय राहिलेला असतो. दगड कोणता घेतला याइतकेच तो कशावर, किती उंचीवर आणि कुठे कापून बसवला याला महत्त्व आहे.

ओट्याची रचना

महाराष्ट्रातील नेहमीच्या पद्धतीत ओट्याचे तीन थर असतात. खाली कडप्प्याचे किंवा विटांचे उभे आधार असतात. त्यांवर साधारण २५ ते ३० मिमी जाडीची आडवी कडप्पा फरशी टाकतात. तिच्यावर सिमेंटचा पातळ थर देऊन १६ ते २० मिमी जाडीचा पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवतात. पुढच्या कडेला गोलाई देतात, तिला मोल्डिंग म्हणतात. ओट्याच्या मागे भिंतीवर ज्या टाइल्स लावतात तो डाडो.

मॉड्युलर किचनमध्ये कडप्प्याऐवजी प्लायवुडच्या कपाटांवर थेट दगड ठेवला जातो. तसे करताना कपाटे भक्कम आणि एका पातळीत हवीत, कारण दगडाचे वजन बरेच असते. १८ मिमी ग्रॅनाइट दर चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो. म्हणजे १० फूट लांब आणि २ फूट रुंद ओट्याचा नुसता वरचा दगडच ९० किलोच्या आसपास जातो.

कोणता दगड कशासाठी

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जमिनीखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. पाटा-वरवंटा आणि जाते त्याचे होत असे. ओट्याचे दगड मात्र बहुतेक इतर राज्यांतून येतात.

*कडप्पा.* आंध्र प्रदेशातील कडपा भागावरून हे नाव पडले. हा काळसर चुनखडक आहे. स्वस्त आणि मजबूत असल्याने ओटा, मोरी आणि मांडणीच्या फळ्या यांसाठी तो वर्षानुवर्षे वापरला जातो. चुनखडक असल्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि ॲसिडयुक्त क्लीनर यांनी त्याची चमक जाते आणि रंग राखाडी होतो. आज तो मुख्यतः खालच्या थरासाठी वापरतात. खर्च कमी ठेवायचा असेल तर वरचा थर म्हणूनही तो चालतो.

*ग्रॅनाइट.* भारतीय स्वयंपाकासाठी सर्वांत निर्धास्त पर्याय. यातील क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजे कठीण असतात. कठीणपणाच्या १ ते १० या मोहस मापावर त्यांचा क्रमांक ७ आणि ६ आहे, तर संगमरवरातील कॅल्साइटचा ३. त्यामुळे सुरीने ओरखडा सहज पडत नाही, लिंबाने डाग पडत नाही आणि गरम कुकर टेकवला तरी बहुधा काही होत नाही. लाल-गुलाबी ग्रॅनाइट कर्नाटकातील इलकल परिसरातून येतो, तोच जो आपल्याला इरकल साडीमुळे माहीत आहे. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलक्सी आंध्र प्रदेशातील चिमकुर्तीचा. बाजारात ‘ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे काही काळे दगड भूशास्त्राच्या दृष्टीने गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. ओट्यासाठी तेही उत्तम. फिकट रंगाचे काही ग्रॅनाइट मात्र पाणी आणि तेल शोषतात, त्यांना सीलर लावावा लागतो.

*संगमरवर.* दिसायला देखणा, पण ओट्यासाठी नाजूक. हळद, चिंचेचा कोळ, टोमॅटो आणि लिंबू हे सगळे आपल्या रोजच्या स्वयंपाकात असते आणि या सगळ्यांचे ठसे संगमरवरावर राहतात. लिंबाने पडलेला पांढुरका डाग पुसून जात नाही, कारण तिथला दगडच झिजलेला असतो.

*क्वार्ट्झ.* हा खाणीतून अखंड निघणारा दगड नव्हे. दळलेले क्वार्ट्झ आणि रेझिन एकत्र दाबून त्याच्या लाद्या बनवतात. वजनाने सुमारे नव्वद टक्के क्वार्ट्झ असते. रंग एकसारखा मिळतो आणि पाणी शोषले जात नाही. कच्चा दुवा रेझिनचा. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास रेझिनला इजा होऊ लागते आणि तळणीचे तेल १८० अंशांच्या घरात असते. भजी तळून उतरवलेली कढई थेट क्वार्ट्झवर ठेवली तर कायमचा पिवळट डाग किंवा चीर पडू शकते. हा पर्याय निवडला तर चुलीजवळ जाड बस्कर किंवा लोखंडी तिवई कायम हाताशी असू द्या.

*नॅनो व्हाइट.* हा काचेसारखा कृत्रिम पदार्थ आहे. पांढराशुभ्र दिसतो आणि डाग कमी धरतो, पण कडा ठिसूळ असतात. जड पातेले कडेवर आपटले तर टवका उडतो आणि दुरुस्ती लपत नाही.

*इतर.* ॲक्रिलिकच्या सॉलिड सरफेसला सांधा दिसत नाही आणि ओरखडे घासून काढता येतात, पण उष्णता सोसत नाही. स्टेनलेस स्टील हॉटेलच्या स्वयंपाकघरात चांगले. घरी त्यावर ओरखडे आणि आवाज दोन्ही होतात.

खरेदीपूर्वी घरी करायच्या चाचण्या

दुकानदाराकडून निवडलेल्या लादीचाच तुकडा मागून घ्या आणि एक दिवस घरी ठेवा.

१. पाणी: दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून १५ मिनिटांनी पुसा. खाली गडद ठसा दिसला तर दगड पाणी शोषतो.
२. लिंबू: एक थेंब १५ मिनिटे ठेवा. पुसल्यावर चमक गेली असेल तर दगडात चुना आहे, मग त्याचे नाव काहीही सांगितलेले असो.
३. हळद-तेल: दोन्ही कालवून रात्रभर ठेवा. सकाळी साबणाने धुतल्यावर जो डाग उरेल तो पुढेही उरणार आहे.
४. रंग: काळ्या दगडावर थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कपडा घासा. कपडा काळा झाला तर दगडाला वरून रंग दिलेला आहे.

अखंड लादी पाहताना डोळा तिच्या पातळीत आणून तिरकस उजेडात बघा. बारीक चिरा आणि पुट्टीने भरलेली भोके तेव्हाच दिसतात. लादीच्या पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर ती का लावली, हे विचारा. नाजूक दगड वाहतुकीत सांभाळण्यासाठी तशी जाळी लावतात.

उंची: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय

ओट्याची उंची बदलायला बांधण्यापूर्वी एक रुपयाही लागत नाही. बांधल्यानंतर तो तोडावाच लागतो. मिस्त्री सवयीने ३२ ते ३४ इंच धरतात. तुमच्या घरातील योग्य उंची मात्र तिथे रोज उभे राहणाऱ्या माणसावर ठरते.

त्या व्यक्तीने सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात दुमडावा. जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्यावे आणि त्यातून १० ते १५ सेंमी वजा करावेत. कोपर ९८ सेंमीवर असेल तर ओटा ८३ ते ८८ सेंमी, म्हणजे साधारण ३३ ते साडेचौतीस इंच हवा. ओटा बुटका असेल तर चिरताना, लाटताना पाठ वाकते. उंच असेल तर खांदे वर उचलले जातात. एका दिवसात हे जाणवत नाही, पण रोजच्या दोन-तीन तासांनी कंबर आणि मान बोलू लागते.

आणखी तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ओट्यावर ठेवलेली शेगडी आणि तिच्यावरचे पातेले मिळून हात बरेच वर जातात. त्यामुळे बुटक्या व्यक्तीसाठी शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली घेणे सोयीचे ठरते. दुसरी, सिंकचा तळ ओट्यापेक्षा खाली असतो, म्हणून फार खोल सिंक घेतले तर भांडी घासताना वाकावे लागते. तिसरी, उंची नेहमी तयार जमिनीपासून मोजा. फरशी नंतर बसणार असेल तर तिची जाडी आधीच धरा.

आधारांची उंची काढताना वरचे थर वजा करावे लागतात. ग्रॅनाइट १८ मिमी, कडप्पा ३० मिमी आणि मधला सिमेंटचा थर १५ ते २० मिमी मिळून सुमारे साडेसहा सेंमी होतात. तयार ओटा ८६ सेंमी हवा असेल तर आधार साडेएकोणऐंशी सेंमीवर थांबले पाहिजेत. हा हिशेब राहून गेला तर ओटा दोन-अडीच इंच उंच होतो.

रुंदी साधारणपणे २४ इंच, म्हणजे ६० सेंमी असते. खालच्या दारांपेक्षा दगड एक ते दीड इंच पुढे असावा, म्हणजे ओघळणारे पाणी दारांवर उतरत नाही.

मापे आणि पैशांचा हिशेब

दगडाचा दर चौरस फुटावर, मोल्डिंगचा रनिंग फुटावर आणि सिंक-शेगडीच्या कापांचा दर नगावर असतो. सामान चढवण्याची हमाली आणि बसवण्याची मजुरी बहुधा वेगळी असते. ‘चौरस फुटाचा दर’ एवढ्यावर दोन दुकानांची तुलना करू नका, सगळ्या बाबींची बेरीज मागा.

इंग्रजी एल आकाराच्या ओट्यात एक चूक वारंवार होते. एका भिंतीला १० फूट, दुसरीला ६ फूट आणि रुंदी २ फूट असेल, तर १० × २ आणि ६ × २ मिळून ३२ चौरस फूट असा हिशेब मांडला जातो. यात कोपऱ्याचा चौकोन दोनदा आला. खरे क्षेत्रफळ २० अधिक (४ × २), म्हणजे २८ चौरस फूट. कापताना वाया जाणाऱ्या दगडाचे पैसे द्यावे लागू शकतात, पण ते ‘वाया’ म्हणून वेगळे दिसले पाहिजेत आणि उरलेले तुकडे तुम्हाला मिळाले पाहिजेत. खिडकीच्या पट्टीला किंवा देव्हाऱ्याखाली ते उपयोगी पडतात.

लादीची लांबीही विचारा. मोठ्या गँगसॉ लाद्या ९-१० फूट लांब मिळतात, स्वस्त कटर लाद्या आखूड आणि अरुंद असतात. आखूड लादी घेतली तर मध्ये सांधा येणारच, तो कुठे येणार हे कापण्यापूर्वी ठरवा.

भिंती काटकोनात आहेत का, हे फूटपट्टीने तपासता येते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर कोन गुण्यात आहे. नसेल तर दगड त्या भिंतीच्या प्रत्यक्ष मापाने कापावा लागेल.

बसवण्याचा क्रम

सिंक आणि शेगडी किंवा हॉब आधी विकत घ्या. काप त्यांच्या कागदी नकाशावरून घेतात, अंदाजाने नाही. त्यानंतरचे काम असे चालते:

१. नळ, सांडपाणी, गॅस आणि विजेच्या जागा भिंतीत पूर्ण करून घेणे.
२. पाण्याच्या नळीने भिंतीवर पातळीची रेघ मारणे.
३. उभे आधार बांधणे. आडव्या कडप्प्याखाली दोन आधारांत २ ते अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. सिंकच्या दोन्ही बाजूंना आणि सांध्याखाली आधार हवाच.
४. आडवा कडप्पा टाकणे आणि सिमेंट पक्के होऊ देणे.
५. ग्रॅनाइट आधी कोरडा ठेवून पाहणे. काप, सांधा आणि भिंतीची कड जुळली की मगच सिमेंटवर बसवणे.
६. सिंक बसवून ते पाण्याने भरणे आणि खाली गळती तपासणे.
७. डाडोच्या टाइल्स ओट्यावर टेकवून लावणे आणि सांध्यात सिलिकॉन भरणे.

सिमेंट दगडाखाली सगळीकडे पोचले पाहिजे. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून दगड दाबला तर मध्ये पोकळी राहते. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ जागी आवाज बदलतो, आणि नेमक्या तिथे नारळ फोडला की चीर जाते.

शेगडीचा भाग सपाट हवा, नाहीतर तव्यावरचे तेल एका बाजूला जमते. सिंकशेजारच्या भागाला सिंककडे किंचित उतार चालतो. भिंतीकडे उतार कधीच नको. भिंत आणि ओटा यांमधील सांध्यात पांढरे सिमेंट भरले तर थोड्याच काळात बारीक भेग पडते, कारण दोन्ही वेगवेगळे हलतात. बुरशीरोधक सिलिकॉन लावा आणि २४ तास तिथे पाणी लागू देऊ नका.

गॅसची नळी दगडातील भोकातून जात असेल तर भोकाची कड गुळगुळीत घासून घ्या, धारदार कडेने नळी कापली जाऊ शकते. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच पातळीवर असावी.

चिरा कुठून सुरू होतात

सिंक आणि हॉबचे काप हे ओट्याचे सर्वांत कमकुवत ठिकाण. आतला कोपरा टोकदार कापला तर सगळा ताण त्या टोकावर येतो आणि चीर तिथूनच निघते. म्हणून चारही कोपऱ्यांत आधी गोल भोक पाडून मग सरळ काप घ्यावा. कापाच्या पुढे आणि मागे दगडाची जी पट्टी उरते ती किमान अडीच-तीन इंच असावी. सांधा सिंकच्या मधोमध कधीही घेऊ नये. कापलेला दगड आडवा उचलला तरी मोडतो, तो उभा धरूनच न्यावा.

दगडाची धूळ: घरातली आणि कामगाराच्या छातीतली

ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ कोरडे कापले की जी पांढरी धूळ उडते तिच्यात स्फटिक सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा करणारे औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोकाही वाढतो. स्फटिक सिलिकेची धूळ कर्करोगकारक म्हणूनही वर्गीकृत आहे. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिकेचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त असते. ते कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये सिलिकोसिस आढळू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणी यांवर बंदी घातली.

बसवलेला ओटा वापरणाऱ्यांना यातून धोका नाही, धूळ फक्त कापताना आणि घासताना उडते. आपल्याकडे मात्र हे काम अनेकदा इमारतीच्या जिन्यात किंवा गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून चालते. रुमाल हे कण अडवत नाही. घरमालक म्हणून तुम्ही काही गोष्टी ठरवू शकता. शक्य तितके काप दुकानाच्या कारखान्यात पाण्याखाली करून आणायला सांगा. घरी कापावेच लागले तर पात्यावर पाण्याची धार हवी आणि काम मोकळ्या हवेत हवे. कामगारांना एन-९५ मास्क द्या. मुले आणि वृद्ध यांना त्या वेळी दूर ठेवा. पडलेली धूळ केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने उचला. ओल्या कामाला वेळ आणि मजुरी थोडी जास्त लागते. ती मान्य असल्याचे आधीच सांगितले तर मिस्त्रीही सहसा तयार होतो.

रोजची निगा

ग्रॅनाइटला साधा भांड्याचा साबण आणि मऊ फडके पुरते. बाथरूमचे ॲसिड ओट्यावर वापरू नका. ग्रॅनाइट कदाचित टिकेल, पण सांधे आणि नळाचा मुलामा खराब होतो. वर्षातून एकदा पाण्याच्या थेंबांची चाचणी करा आणि ठसा उमटू लागला तर सीलर पुन्हा लावा. नारळ फोडणे, खलबत्ता वापरणे ही कामे उभ्या आधाराच्या वर किंवा सरळ जमिनीवर करा.

काम देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या

दगडाचे नाव आणि जाडी, तयार जमिनीपासूनची उंची, सांधा कुठे येणार ती जागा, सिंक आणि हॉबचे मॉडेल, मोल्डिंगचा प्रकार, कापांची संख्या, ओले कापकाम, उरलेले तुकडे कोणाचे आणि चीर गेल्यास खर्च कोणाचा. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला हा एक कागद असेल तर काम संपल्यावर वाद होत नाहीत. पैशांचा शेवटचा हप्ता सिंक भरून गळती तपासल्यानंतरच द्यावा.